दाराबाहेरची साक्ष

टीव्ही बंद केला तरी व्हर्नेलआत्या त्याच्याकडेच बघत बसली. मांडीवर या वर्षीचा जांभळा टी-शर्ट, घडी न मोडलेला, आणि त्यावर दोन्ही हात. चर्चच्या मागच्या खोलीत पंखा होता, पण तो आवाजापुरता. बाहेर आवारात ह्यूस्टनपासून शिकागोपर्यंतचे सगळे नार्सिस कुटुंबीय वार्षिक स्नेहमेळाव्याला जमले होते. तेल पुरेसं तापलंय की नाही यावर मासे तळणाऱ्या पुरुषांचं दरसालचं भांडण चाललं होतं.

"कसा वाटला चित्रपट?" रनेटाने विचारलं. विचारायला नको होतं, हे तिला लगेच कळलं.

"संध्याकाळी हे सगळ्यांना दाखवणार तू?"

"हो. आणि सोमवारी पॅरिश कौन्सिलपुढे."

"माझं ते बोलणंसुद्धा?"

"आत्या, त्या बोलण्यावरच तर सगळा चित्रपट उभा आहे."

खोटं नव्हतं ते. नदीकाठच्या केमिकल प्लँटला शाळेच्या कुंपणाला लागून आणखी एक युनिट हवं होतं आणि सोमवारी पॅरिशचं, म्हणजे इथल्या जिल्ह्याचं, कौन्सिल त्यावर मत देणार होतं. रनेटा दोन उन्हाळे ऑकलंडहून येऊन, एकटीने कॅमेरा खांद्यावर घेऊन, नदीकाठचं एकेक घर पालथं घालत होती. खोकणारी म्हातारी माणसं, काळी पडलेली अंजिराची पानं, एका ओळीत पाच घरं आणि पाचही घरांत कॅन्सर, सगळं तिने घेतलं होतं. पण कंपनीच्या वकिलाकडे या सगळ्यावर एकच उत्तर तयार होतं: ही माणसं सिगरेटी फार ओढतात. त्याला उत्तर नव्हतं ते एकाच ठिकाणी. चर्चच्या बुधवारच्या साक्षसभेत व्हर्नेलआत्या बाकाला धरून उभी राहिली होती आणि म्हणाली होती, "माझा आल्सीड रात्रपाळीला धूर सोडायचा व्हॉल्व्ह उघडायचा. वरून हुकूम यायचा. अंधारात धूर दिसत नाही ना, म्हणून रात्री. कामावर निघताना मला सांगायचा, आज खिडक्या लावून घे. मी लावून घ्यायचे. शेजारी कोणाला सांगितलं नाही. देवा, मी कोणालाच सांगितलं नाही."

होझियाकाका दाराला टेकून उभा होता. व्हर्नेलचा धाकटा भाऊ, चर्चचा डीकन म्हणजे कारभारी, आणि खानदानातला शेवटचा शब्द आपलाच असं मानणारा माणूस. त्याने घसा साफ केला.

"पोरी, साक्ष दाराबाहेर जात नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे साक्षसभेत माणूस देवापुढे जे बोलतो ते तिथंच राहतं. घरी जाऊन नवरा बायकोला विचारत नाही, तू आज असं का बोललीस. माझ्या आजीच्या वेळेपासून हे असंच आहे. एवढंही तुझ्या बापाने शिकवलं नाही?"

रनेटाच्या बापाने पोरांना लहानपणीच कॅलिफोर्नियाला नेलं होतं. गाणी, प्रार्थना, रविवारची टोपी, सगळं नेलं होतं बरोबर. हा नियम तेवढा राहून गेला, कारण तो आमच्यात कोणी कोणाला सांगत नाही. सांगायची गरजच पडत नाही.

"मग मला थांबवलं का नाही कोणी?" ती म्हणाली. "पहिल्या बाकाशी कॅमेरा घेऊन उभी होते मी. लपून नव्हते."

"आम्हाला वाटलं, तू गाणी घेतेयस. लग्नातला फोटोवाला नाही का, प्रार्थना सुरू झाली की कॅमेरा खाली ठेवतो. तू ठेवशील असं वाटलं."

"आणि मला वाटलं, आत्या कॅमेऱ्याकडे बघून बोलतेय म्हणजे तिची हरकत नाही."

"मी तुझ्याकडे बघत होते गं," आत्या म्हणाली. "कॅमेऱ्याकडे नाही."

मग क्लिओफस बोलला. व्हर्नेलचा एकुलता मुलगा, बापामागून त्याच प्लँटमध्ये लागलेला, दुरुस्ती विभागात. चित्रपट चालू असताना तो सबंध वेळ उभा होता, बुधवारी सभेला तो नव्हता आणि बापाच्या व्हॉल्व्हची गोष्ट त्याला आत्ता, टीव्हीवरून कळली होती.

"झालं तर मग," तो म्हणाला. "नियम मोडलाय. गुंडाळ ते सगळं."

"सगळं?"

"सगळंच. मला सोमवारी तिथं तोंड दाखवायचंय. आडनाव तेच आहे माझं."

आता होझियाकाका त्याच्या बाजूने बोलेल असं रनेटाला वाटलं होतं. पण होझियाकाका वळला तो भाच्यावरच.

"गुंडाळ कोण म्हणालं रे? साक्ष काढ म्हटलं मी, चित्रपट बंद कर नाही म्हटलं. या कॅमेऱ्यासाठी चर्चच्या बायकांनी वर्षभर शुक्रवारी मासे तळून विकलेत. हाताला फोड आलेत त्यांच्या. आणि तू कोण गुंडाळणारा? या अंगणातून किती शवपेट्या उचलल्या मी, ठाऊक आहे?"

"मामा, तुला पेन्शन आहे."

"आहे. तुझ्या बापालाही होती. किती महिने खाल्ली त्याने?"

क्लिओफसने तोंड फिरवलं. आल्सीडने ती फार महिने खाल्ली नव्हती, हे खोलीतल्या सगळ्यांना माहीत होतं.

"कापते मी," रनेटा म्हणाली.

तिघांनी तिच्याकडे पाहिलं.

"आत्याचा भाग कापते. संध्याकाळपर्यंत होईल."

"मग राहील काय त्यात?" होझियाकाका म्हणाला. साक्ष काढ म्हणणारा तोच, आणि आता हळहळणाराही तोच.

"राहील ते राहील. काका, स्टुडिओतली नोकरी मी का सोडली ठाऊक आहे ना? आपल्या काळ्या लोकांची गोष्ट सांगत होते, तर साहेब म्हणाला, छान आहे, पण मधे एक गोरी मास्तरीण घाल, म्हणजे प्रेक्षकांना कोणाचा तरी हात धरता येईल. इथंही टीव्हीवाले येऊन गेले. धुराडं घेतलं, आपल्या रस्त्यावरच्या मिस ओलाचं रडणं घेतलं, तिचं नावसुद्धा न लिहिता निघून गेले. मी म्हटलं, मी असं करणार नाही. आणि केलं काय? न विचारता उचललं."

बोलता बोलता तिला स्वतःचा राग आला. दोन उन्हाळ्यांचं काम होतं ते. कापलं की सोमवारी वकील जिंकणार, हे तिला त्या खोलीत सर्वांत जास्त कळत होतं.

क्लिओफसला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाजही वाटली.

"झालं तुमचं?" व्हर्नेलआत्या म्हणाली. "न विचारता घेतलंस. आता न विचारता टाकून देतेस. मधे माझंही एक तोंड आहे, ते कोणी विचारात घेणार का?"

"आत्या, मला वाटलं..."

"वाटत राहा तुम्ही सगळे. एकाला नियमाचं पडलंय, एकाला नोकरीचं. क्लिओ, तुझ्या नोकरीसाठी मी इतकी वर्षं गप्प बसले, नाही असं नाही. पण आज अडतंय ते त्यासाठी नाही. मला लर्लीनची भीती वाटते."

लर्लीन म्हणजे रस्त्यापलीकडची मिस लर्लीन. दोघी त्याच रस्त्यावर नव्या नवऱ्या म्हणून आल्या, दोघींनी एकमेकींची पोरं अंगाखांद्यावर खेळवली. फरक एवढाच की लर्लीन कॅथलिक. तिचं चर्च वेगळं, रविवार वेगळा. तिची नात ओडील नऊ वर्षांची असताना एका ऑगस्टमध्ये रात्रीतून श्वास कोंडून गेली. दमा होता पोरीला, डॉक्टर म्हणाले, दमाच.

"ती आपल्या चर्चला येत नाही, म्हणून मी तिथं बोलले," व्हर्नेलआत्या म्हणाली. "देवापुढे मोकळी झाले असं तुम्हाला वाटलं. मलाही वाटलं. पण लर्लीन बाकावर असती तर मी उठलेच नसते, हे खरं. आणि आता ती हे सोमवारी पडद्यावर बघणार? सगळ्या पॅरिशबरोबर? नाही. ते नाही होऊ देणार मी."

"म्हणून तर कापते म्हणतेय."

"कापायचं नाही. आणि दाखवायचंही नाही. थांबायचं." ती उठली. गुडघ्याने नेहमीसारखी कुरकुर केली, तिने लक्ष दिलं नाही. "होझिया, लर्लीनचं ताट भर."

स्नेहमेळाव्याचं पहिलं ताट दरवर्षी लर्लीनकडे जातं. कुठलं तरी पोर ते घेऊन पळतं आणि रिकाम्या हाताने परत येत नाही. त्या दिवशी व्हर्नेलआत्याने तो टी-शर्ट ब्लाउजवरूनच चढवला आणि ताट स्वतः उचललं. तळलेला कॅटफिश, बटाट्याचं सॅलड, रताळ्याची पाई. वरून पेपर टॉवेल.

"मी येऊ?" क्लिओफसने विचारलं.

"तू कशाला? तू काय केलंस?"

आणि ती निघाली.

क्लिओफस आपल्या ट्रकला टेकून रस्त्यापलीकडे बघत राहिला. आईची पाठ दिसत होती. आमच्या टी-शर्टच्या पाठीवर गेलेल्यांची नावं असतात. यंदा ती इतकी झाली होती की छापणाऱ्याला अक्षर बारीक करावं लागलं होतं. बापाचं नाव कुठल्या ओळीत आहे ते त्याला पाठ होतं, इतक्या लांबून वाचता येत नव्हतं.

रनेटा शेजारी येऊन उभी राहिली. हात रिकामे.

"कॅमेरा?" त्याने विचारलं.

"आत ठेवला. हे घेण्यासारखं नाही."

"शहाणी झालीस म्हणायची."

"उशिरा." मग ती म्हणाली, "तुला खरंच माहीत नव्हतं, क्लिओ?"

त्याला लहानपण आठवलं. ऑगस्टच्या रात्री, घरात एसी नाही, आणि आई एकेक खिडकी खाली ओढतेय. तो आणि त्याचे चुलतभाऊ घामाने निथळत जमिनीवर झोपलेत. "का गं?" विचारलं की आई म्हणायची, "डास." खिडक्यांना जाळ्या होत्या. त्याने तेव्हा विचारलं नाही की जाळ्या असताना डास कुठून येणार.

"डास म्हणायची," तो म्हणाला. "मी मानलं. मला मानायचं होतं."

"आत्या म्हणते, वरून हुकूम यायचा. वर कोण होतं तेव्हा?"

"मला काय विचारतेस."

"तुलाच विचारणार. तू तिथं आहेस."

"रनेटा, माझ्या दोन मुली कॉलेजात आहेत. तू परत विमानात बसशील. मी इथं राहणार, त्याच गेटातून आत जाणार. मी तुझ्या त्या डब्यापुढे उभा राहणार नाही. आत्ताच सांगून ठेवतो."

"मी म्हटलं का उभा राहा?"

"म्हणणार होतीस."

म्हणणार होतीच ती.

लर्लीन ओसरीवर बसून कोळंबी सोलत होती. व्हर्नेल पायऱ्या चढली आणि ताट टेबलावर ठेवलं.

"आज स्वतः आलीस," लर्लीन म्हणाली. "पोरं संपली का तुमच्याकडची?"

"मला बोलायचंय."

"बस तर."

"उभ्यानेच बोलते. बसले तर उठून जायचं निमित्त शोधीन."

रस्त्यात तिने चार वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही आठवेना. मग जसं होतं तसं सांगितलं. आल्सीडचं, व्हॉल्व्हचं, निघताना दारात थांबून त्याने सांगितलेलं. खिडक्यांचं सांगतानाही ती थांबली नाही. साक्षसभेतही सांगितलं म्हणाली, पोरीने ते नकळत टिपलं म्हणाली. "पण आधी तुझ्या कानावर घालायला हवं होतं. आधी म्हणजे तेव्हाच. मी नाही घातलं. आल्सीडची नोकरी जाईल म्हणून, मग क्लिओची जाईल म्हणून. तू रोज समोर दिसायचीस, आणि मी तुला हात करायचे."

लर्लीनच्या हातातली कोळंबी सोलून झाली. ती तिने भांड्यात टाकली आणि दुसरी उचलली नाही.

"ओडील गेली त्या रात्रीसुद्धा?"

हाच प्रश्न व्हर्नेल इतकी वर्षं चुकवत आली होती. "तो आठवडा मी बॅटन रूजला होते, बहिणीकडे. पण आल्सीड कामावर होता. मी परत आल्यावर त्याने सांगितलं. हो. त्या रात्रीसुद्धा."

लर्लीनने कोळंबीचं भांडं बाजूला सारलं. व्हर्नेलला वाटलं, आता ती जा म्हणेल. जा म्हणाली असती तर बरं झालं असतं, असंही वाटलं.

"तुझी भाची कुठंय?"

"तिकडे. तिने काही आणलं नाहीये, शपथ."

"मग आणायला सांग. मलाही एक सांगायचंय. ते मी एकदाच सांगणार आणि तुला एकटीला नाही सांगणार."

"लर्लीन, आधी मला..."

"तुला काय? तू तुझ्या सोयीने बोललीस. मी माझ्या सोयीने बोलीन. बोलाव तिला."

रनेटा कॅमेरा घेऊन आली, मागोमाग होझियाकाका. लावण्याआधी ती लर्लीनसमोर उकिडवी बसली.

"मिस लर्लीन, हे सोमवारी कौन्सिलला दाखवलं जाईल. नंतर आणखी कुठेकुठे. मधेच नको वाटलं तर हात वर करा, मी बंद करीन. उद्या नको वाटलं तर उद्या सांगा. मी पुसून टाकीन."

"तुझ्या आत्याला विचारलं होतंस असं?"

"नाही."

"हं," लर्लीन म्हणाली. "शिकतेस म्हणायची."

मग मायक्रोफोनचा घोळ निघाला. माईक एक, तो लांब दांडीच्या टोकाला, आणि बोलणाऱ्या दोघी. एकटी बोलत असली की रनेटा तो स्टँडला अडकवून द्यायची. इथं जी बोलेल तिच्याकडे तो कोणी तरी वळवायला हवा होता, आणि रनेटाचे दोन्ही हात कॅमेऱ्याला. होझियाकाका पुढे झाला, पण त्याचे हात कापतात, दांडी उचलताच माईक लर्लीनच्या केसांना लागला.

"काका, राहू दे."

ओसरीच्या खाली क्लिओफस उभा होता. तो आलाच कशाला, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

"हे धरणारा मागेच असतो ना?" त्याने दांडीकडे बोट दाखवलं. "चित्रात येत नाही?"

"नाही येत."

तो वर चढला. दांडी हातात घेतली, तोलून पाहिली, दोघींच्या मधे डोक्याच्या वर धरली. जड पाइप धरण्यात आयुष्य गेलेलं, ही तर त्याला काठीसारखी.

रनेटाने कॅमेरा सुरू केला. "नाव सांगून सुरुवात करा," ती म्हणाली.

"व्हर्नेल नार्सिस. आल्सीड नार्सिसची बायको." आणि तिने पुन्हा सगळं सांगितलं. चर्चमध्ये ती देवाला हाक मारत थांबत थांबत बोलली होती. इथं तसं काही नव्हतं. समोर रस्ता, बाजूला कोळंबीची सालं, शेजारी लर्लीन. ती सरळ बोलली. "मी माझ्या खिडक्या लावून घेतल्या आणि शेजारणीला सांगितलं नाही," इथपर्यंत आली आणि थांबली.

क्लिओफसने माईक लर्लीनकडे वळवला.

"लर्लीन सेसाँ," ती म्हणाली. "मी हिची शेजारीण. मला कोणी सांगितलं नाही, पण मी आंधळी नव्हते. भर उन्हाळ्यात हिच्या खिडक्या बंद व्हायच्या आणि सकाळी माझे डोळे चुरचुरायचे. दोन वेळा झालं, चार वेळा झालं. मग मी हिच्या घराकडे बघायला लागले. हिच्या खिडक्या खाली आल्या की मीही माझ्या लावायचे."

व्हर्नेलने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. लर्लीनने पाहिलं नाही.

"मीही पुढच्या घरी सांगितलं नाही. मिस ओलाला नाही, कोणाला नाही. का, ते मला अजून नीट सांगता येत नाही. वाटायचं, विचारलं तर हिला कळेल की मला कळलंय, आणि मग ही खिडक्या लावायची बंद होईल." तिने ओले हात एप्रनला पुसले. "मग ही बहिणीकडे गेली. नवरा दिवसा झोपणारा, घर आठवडाभर बंदच. रोजच बंद. आज कुठल्या कारणाने बंद आहे, हे मी कसं ओळखणार? पोर म्हणाली, आजी, फार गरम होतंय. मी तिच्या उशाची खिडकी उघडून दिली."

रनेटाचा हात बंद करायच्या बटणाकडे गेला. लर्लीनने हात वर केला नव्हता. क्लिओफसने दांडी न हलवता मान हलवली, नाही म्हणून. रनेटाने हात मागे घेतला.

व्हर्नेल रडत होती, आवाज न करता. तिने हात पुढे केला. लर्लीनने तो धरला नाही, झटकलाही नाही.

"माफ केलेलं नाही मी तुला," लर्लीन म्हणाली. "आणि यांच्यासमोर तर नाहीच करणार. ते आपण दोघी बघू, वेळ आहे. डोळे पूस. आता पुढचं सांग. आल्सीड काही आपल्या मनाने व्हॉल्व्ह उघडत नव्हता. रात्री फोनवर कोण सांगायचं त्याला?"

व्हर्नेलने डोळे पुसले. तिला ते नाव माहीत होतं. आल्सीडने आजारपणात ते अनेकदा घेतलं होतं. तो माणूस आता रात्रपाळीचा साहेब राहिला नव्हता, अख्खा प्लँट त्याच्या हाताखाली होता, आणि सोमवारी कौन्सिलपुढे कंपनीच्या बाजूने पहिल्या रांगेत तोच बसणार होता. क्लिओफसच्या नोकरीच्या कागदावर सही त्याचीच होती.

तिने मान वर करून मुलाकडे पाहिलं. काही विचारलं नाही.

क्लिओफसने एक पाऊल पुढे टाकलं आणि माईक आईच्या तोंडाजवळ आणला. इतका जवळ की आता दांडी चित्रात येत होती आणि दांडीमागचा त्याचा हातही. रनेटाने ते पाहिलं. क्लिओफसलाही ते कळलं होतं. त्याने हात मागे घेतला नाही.

"सांग, मा," तो म्हणाला.

आणि व्हर्नेलने त्या माणसाचं नाव घेतलं, आडनावासकट.